बंबाला कळवावे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नुसती मान हलवून चालणार नाही. मागच्या वेळी आमच्या साडूंनीही अशीच मान हलवली होती, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा चहा नाकातून बाहेर आला. म्हणून कप खाली ठेवा आणि ऐका.

तर ही गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा आमच्या कॉलनीत घरोघरी फोन नुकते आले होते आणि क्रोशाचा रुमाल पांघरून हॉलमध्ये बसायचे. मोबाइल म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर होतो. सेफ्टी सुपरवायझर म्हणजे काय? तर पाट्या लावणारा माणूस. 'हेल्मेट घाला.' 'कठडा धरून चाला.' 'येथे तेल सांडले आहे.' तेल पुसायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी, माझं फक्त पाटीचं.

ती सवय इतकी हाडीमासी खिळली होती की घरात फ्रिजवरसुद्धा मी पाटी लावली होती, 'दार नीट लावा'. माझी बायको सुनंदा म्हणायची, "अहो, तुमच्या कपाळावर एक लावते. 'सूचना देऊ नका' म्हणून."

अशा माणसाच्या हातून, तेही सुरक्षेच्याच बाबतीत, जे घडलं ते ऐका.

वडील गेले आणि आई निफाडकडच्या आमच्या गावाहून नाशिकला माझ्याकडे राहायला आली. येताना तिनं दोन गोष्टी आणल्या. एक तांब्याचा बंब आणि दुसरी शेकोटीची सवय. बंब तुम्ही पाहिलाय, पण हल्लीच्या पोरांना समजावून सांगावा लागतो. मधोमध एक नळकांडं, त्यात निखारे, भोवती अंघोळीचं पाणी, आणि खाली तोटी. आईच्या मते बंबातल्या पाण्यानं केली तर ती अंघोळ. गॅसवरच्या पाण्यानं केली तर नुसतं ओलं होणं.

आणि थंडीचं काय सांगू? निफाडचा पारा किती खाली गेला हे दर वर्षी पेपरात येतं आणि निफाडचं माणूस ते घरातलं कुणी बोर्डात आल्यासारखं सांगतं. आईही सांगायची. पण सांगणार कुणाला? गावी ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा थांबायचा. इथं गंगापूर रोडच्या पुढची आमची बंगल्यांची कॉलनी. संध्याकाळी सहाला फटाफट दारं लागायची. आई खिडकीत बसून बंद दारं मोजायची. मला आतून वाईट वाटायचं, पण माणसं काही वाण्याकडून किलोवर आणता येत नाहीत.

मग पहिल्या हिवाळ्यात तिनंच उपाय काढला. घराच्या कडेच्या परसात, फाटकातून सरळ दिसेल असा हातभर खोल खड्डा खणला, कडेनं विटा लावल्या आणि मामांच्या बागेतल्या छाटलेल्या द्राक्षाच्या काड्या मागवून शेकोटी पेटवली. पहिल्या दिवशी ती एकटीच शेकत बसली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी धुराची तक्रार करायला आल्या आणि हात शेकत तासभर बसल्या. आठव्या दिवशी बारा-पंधरा बायका, चार म्हातारे आणि विस्तवात भाजलेली रताळी असा थाट होता. मध्ये आई. वडील गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं.

इथं आले आमचे चेअरमन, खैरनारसाहेब. साहेब मूळचे सटाण्याचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण लेखी कागदाशिवाय सूर्य उगवला तरी मान्य करायचे नाहीत. तर आमच्या शेकोटीतली एक ठिणगी उडाली ती कुंपणापलीकडे त्यांच्या दोरीवर. दोरीवर होती खैरनारवहिनींची नवी नायलॉनची साडी. तिची झाली चाळण.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग. साहेबांनी साडी टेबलावर पसरली, पुराव्याची वस्तू म्हणून, आणि ठराव मांडला की कॉलनीत यापुढे उघड्यावर आग पेटवायला बंदी. मी सेक्रेटरी. ठराव मलाच लिहायचा होता.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "नको तर नको. मी काय, बसन घरात." आणि खरंच खिडकीत जाऊन बसली. ओरडली असती, रुसली असती तरी चाललं असतं. पण ते 'बसन' काही माझ्याच्यानं ऐकवेना.

मी तसाच साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, बंदी कशाला? नियम करू. लेखी."

'लेखी' म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांत जरा ओलावा आला. ते म्हणाले, "नियम करा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः तपासणीला येतो. एक जरी नियम मोडलेला दिसला तरी शेकोटी कायमची बंद. कबूल?"

कबूल! मला काय, नियम म्हणजे माझ्या हातचा मळ. लगेच स्कूटर काढली आणि अग्निशमन केंद्रावर गेलो. तिथले साहेब, जाड मिशांचे, मोठे सज्जन. त्यांनी बसवून चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "शेकोटीचा असा वेगळा कायदा मला तरी माहीत नाही. पण तुमच्या धुराचा, ठिणगीचा शेजाऱ्याला त्रास झाला तर तक्रार होते आणि मग पंचाईत. खड्डा खोल ठेवा, कुंपणापासून लांब. पाणी हाताशी ठेवा, वाळू ठेवा. रॉकेल ओतू नका, टायर-प्लास्टिक जाळू नका. वारा सुटला तर सरळ विझवा. आणि मोठी शेकोटी करणार असाल तर आधी कळवून ठेवा. कुणी धूर बघून फोन केला तर आमची उगाच धावपळ नको. पण कळवायला एकशे एक फिरवू नका, तो आगीसाठी. हा ऑफिसचा नंबर घ्या."

मी नंबर घेतला आणि घरी येऊन टेलिफोन डायरीत 'ब'च्या पानावर टाकला. आपण अग्निशमन दल वगैरे कुठं म्हणतो? आपण म्हणतो बंब. 'बंब आला', 'बंब बोलवा'. म्हणून लिहिलं, 'बंब', आणि पुढे नंबर. त्याच पानावर आणखीही काही लिहिलेलं होतं, पण मी लक्ष दिलं नाही. सेफ्टीवाला माणूस, दुसऱ्याच्या पाट्या कशाला वाचेल?

मग तीन संध्याकाळी बसून मी नियमावली तयार केली. बारा नियम! कुंपणापासून अंतर 'दहा पावले' लिहिलं आणि मोजायला गेलो तर आमचं परस कुठूनही मोजा, सात पावलांच्या वर भरेना. मग दुरुस्ती केली, 'दहा पावले (घरातील ज्येष्ठ व्यक्तीची)'. आईनं गुडघे सांभाळत चालून दाखवलं, बरोबर दहा झाली. नायलॉन, टेरिलीन घालून शेकोटीजवळ बसू नये. दोन बादल्या पाणी, दोन बादल्या वाळू. उठताना राखेत पाणी ओतून काठीनं ढवळावे. आणि शेवटचा, बारावा नियम, सुवाच्य अक्षरात: 'शेकोटी पेटविण्यापूर्वी बंबाला कळवावे.'

खैरनारसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला, प्रत्येक नियमापुढे टिक केली आणि खाली सही ठोकली. मी तो पुठ्ठ्यावर चिकटवून परसात पेरूच्या झाडाला टांगला. छाती अशी फुगली होती की स्वेटर आखूड झाला.

आता मध्ये एक छोटी भानगड. आईचा बंब खालून गळत होता. सुनंदानं तो आठ दिवसांपूर्वी जुन्या नाशकात एका तांबटाकडे डाग द्यायला टाकला होता. तांबटकाका रविवारी संध्याकाळपर्यंत देतो म्हणाले होते, दुकानाचा फोन नंबरही दिला होता. सुनंदानं तो डायरीत लिहून ठेवला होता. कुठं? 'ब'च्या पानावर. काय म्हणून? बंब म्हणून. तुमच्या लक्षात येतंय ना? माझ्या नाही आलं.

रविवार उजाडला. खड्ड्याभोवती विटा नव्यानं रचल्या. बादल्या ओळीनं मांडल्या. मामांनी हरभऱ्याचे डहाळे पाठवले होते, हुळा भाजायला. साडेचारलाच माणसं जमायला लागली, सगळी नियमाप्रमाणे सुती कपड्यांत. एक काका तर थंडीत नुसत्या धोतर-सदऱ्यावर कुडकुडत आले, कारण त्यांच्या स्वेटरमध्ये नायलॉन किती याची त्यांना खात्री नव्हती.

आणि आई? आई मोरीत, दाराला आतून कडी.

"आई, अगं लोक आले. चल ना."

"बंब आला का?"

"येतोय. तू गॅसवरच्या पाण्यानं अंघोळ कर ना आजच्या दिवस."

"आठ दिस झाले गॅसच्या पाण्यानं अंग भिजवतेय. आज साऱ्या बायका यायच्या, माझ्या हातानं शेकोटी पेटवायची, आन् मी बिनअंघोळीची बसू? बंब आल्याबिगर मी काय भाईर येत नाय."

झालं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच मोरीत अडून बसली. घड्याळात पावणेपाच. मी हॉलमध्ये धावलो, फोनवरचा रुमाल उडवला, डायरी उघडली. दोन फोन करायचे होते. बाराव्या नियमाप्रमाणे एक अग्निशमनवाल्यांना, कळवायला. दुसरा तांबटकाकांना, झाडायला.

'ब'चं पान. वर एक बंब, खाली एक बंब. मी वरचा फिरवला. माझा नंबर वरच असणार, नाही का? घरातला कर्ता पुरुष मी.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. मागे ठाक-ठाक-ठाक ठोकाठोकी चाललेली. मी मनात म्हटलं, वा! रविवारीसुद्धा गाडीची दुरुस्ती चालू आहे, याला म्हणतात ड्यूटी.

मी म्हणालो, "नमस्कार. आज पाच वाजता आमच्या परसात शेकोटी पेटवणार आहोत."

"बरं मग?"

"पाणी तयार आहे. वाळूही आहे, दोन बादल्या."

"वाळू कशाला?"

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी खणखणीत सांगितलं, "ठिणगीवर टाकायला. कापड सुती आहे, रॉकेल नाही, वारा नाही. तुम्ही यायची गरज नाही."

"मी कशाला येऊ?"

"तेच म्हणतोय. अजिबात येऊ नका. फक्त कळवायचं होतं. तेवढी नोंद करून घ्या."

"कुठं करू नोंद?"

"तुमची वही असेल ना? त्यात. तारीख, वेळ, आणि शेकोटी."

पलीकडे वहीची पानं उलटल्यासारखं वाटलं. मग आवाज आला, "केली." जरा तुटकच. पण केली. मी खूश. म्हटलं, सरकारी काम असावं तर असं.

मग खालचा नंबर फिरवला. आता आवाज चढवूनच सुरुवात केली. "अहो, बंब पाठवा. ताबडतोब!"

"पत्ता सांगा," पलीकडचा माणूस एकदम तत्पर. मागे कुठंतरी घंटा वाजत होती. तांबटाचं दुकान, कुणीतरी घंटा घ्यायला आलं असेल.

पत्ता सांगितला.

"काय परिस्थिती आहे?"

"काय असणार? माझी आई आत मोरीत अडून बसलीय."

"अडकून बसलीय?"

"हो हो, सकाळपासून! काही केल्या बाहेर येत नाही."

"वय?"

तांबटाला वय कशाला हवं, असं एक क्षण वाटलं. पण म्हटलं, त्यांनाही लाज वाटली असेल म्हाताऱ्या बाईला ताटकळत ठेवल्याची. "पंचाहत्तर!" मी म्हणालो. "गुडघे गेलेत, दम लागतो. तिला काही झालं तर तुमची जबाबदारी."

"धूर आहे का?"

"धूर कुठला? तुमचा बंब आल्यावर धूर होईल. इथं तीस माणसं खोळंबलीत हो."

"तीस?" पलीकडचा आवाज बदलला. "घाबरू नका. सगळ्यांना मोकळ्या जागेत थांबवा. मोठाच पाठवतो, निघालाच समजा."

"मोठा-छोटा नको, आमचाच पाठवा," असं मी म्हणेपर्यंत फोन ठेवला होता. सुनंदाला म्हटलं, "बघ, कसा सुतासारखा सरळ केला तांबटाला. घाबरू नका म्हणाला, मलाच!"

बरोबर पाचला खैरनारसाहेब आले. हातात वही, कानावर पेन. विटा बघितल्या, खड्ड्यात काठी घालून खोली मोजली, वाळूत बोट फिरवलं. आई आलीच नव्हती, पण साहेब घड्याळ बघायला लागले. मग सुनंदानंच काडी ओढली. द्राक्षाच्या काड्या ताडताड पेटल्या, हुळ्याचा खमंग वास सुटला. साहेब चक्क खुर्ची ओढून बसले आणि हात पुढे केले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एकेक सुरकुती सैल होत होती. मी मनात म्हटलं, आई, जिंकलो.

आणि घंटा ऐकू आली. टण-टण-टण-टण.

आधी वाटलं कुल्फीवाला. पण थंडीत कुल्फी कोण खाणार? तेवढ्यात आमच्या गल्लीत लाल रंगाची ती भली मोठी गाडी वळली आणि आमच्याच फाटकासमोर थांबली. पाच-सहा जवान धडाधड खाली उतरले. पुढे मिशीवाले साहेब.

"सगळे मागे व्हा! आजी कुठं अडकल्यात?"

मी म्हणालो, "अडकल्या नाहीत, अडून बसल्यात." पण ते ऐकायला कोण थांबतं? एक जवान घरात धावला. दुसऱ्यानं पाइप सोडला. आणि समोर काय, तर जाळ! त्यानं त्याचं काम केलं. एका फवाऱ्यात शेकोटी, हुळा आणि माझी बारा नियमांची पाटी खल्लास. पाइप वळवताना उरलेलं पाणी खैरनारसाहेबांच्या अंगावर, खुर्चीसकट. साहेब इतकी वर्षं आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत आलेले. भिजल्यावर आतली सटाण्याची अहिराणी बाहेर आली.

"हाई काय शे?" ते ओरडले. "हाई काय शे?"

आत मोरीच्या दाराशी तर वेगळंच नाटक. जवान दार वाजवतोय, "आजी, घाबरू नका, आम्ही आलोय!"

आतून आई, "मी कशाला घाबरू? बंब आणला का?"

"आणलाय, आजी!"

"मंग आत घ्या की."

जवान गोंधळला. "आत नाही येणार आजी, लय मोठा आहे."

"गप रे. धा वर्सं त्योच बंब वापरतेय मी. आडवा धरा, दारातून बरोब्बर येतो."

पोरगा बिचारा तसाच बाहेर आला आणि मिशीवाल्या साहेबांना म्हणाला, "सर, आजी ठीक आहेत. पण त्या गाडी आत आणायला सांगताहेत. आडवी धरून."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात निम्मा उजेड पडला, की दुसरा फोन तांबटाला गेलाच नव्हता. परसात तीस माणसं, सगळी माझ्याकडे बघताहेत. तेवढ्यात कडी निघाली आणि शाल गुंडाळून आई बाहेर आली. फाटकाकडे तिनं नीट निरखून पाहिलं.

"मधू," ती म्हणाली, "ह्यो आपला नाय. आपला तांब्याचा व्हता." मग मिशीवाल्या साहेबांना अगदी मायेनं विचारलं, "भाऊ, पाणी तापलेलं हाय का ह्यातलं?"

"गारच असतं, आजी," साहेब म्हणाले.

"मंग काय उपेग?"

लोक हसायला लागले, पण मला हसू येईना. कारण खैरनारसाहेब उभे राहिले होते. अंगातून पाणी ठिबकतंय, वही ओली, आवाज थरथरता. "शेकोटी बंद! कायमची!" ते म्हणाले. "तुम्हीच सांगा हो, अग्निशमनवाले. हे कायद्यात बसतं का?"

आईचा चेहरा पडला. मला ती खिडकी दिसली आणि खिडकीतलं तिचं बसणं दिसलं. सगळं माझ्या एका फोनमुळे.

मिशीवाले साहेब खड्ड्याशी गेले. विटा बघितल्या, बादल्या बघितल्या. झाडावरचा ओला पुठ्ठा हातात घेतला आणि जमेल तेवढा वाचला. मग म्हणाले, "माझ्या उभ्या नोकरीत इतकी नियमात पेटवलेली शेकोटी मी पाहिली नाही. पण बारावा नियम मोडलाय. कळवलं नाही तुम्ही."

"कळवलं हो!" मी कळवळून म्हणालो. "पावणेपाचला फोन केला. तुमच्या माणसानं नोंदसुद्धा केली."

"आमच्याकडे नाही आला असा फोन."

"बघा!" खैरनारसाहेब म्हणाले. "नियम मोडला. लेखी नियम!"

आणि त्याच क्षणी फाटकातून एक लुना आत आली. लुनावर एक सडसडीत म्हातारे गृहस्थ, लालबुंद झालेले, आणि मागे सुतळीनं बांधलेला लखलखीत तांब्याचा बंब. आमचे तांबटकाका. लुना उभी करून ते गरजले.

"कोण तो शेकोटीवाला? समोर ये! चाळीस वर्षं दुकान चालवतोय, असा अपमान कुणी केला नाही. शेकोटी करतोय म्हणून मुद्दाम फोन करून सांगायचं, आणि वर म्हणायचं, तुम्ही येऊ नका. एकदा नाही, दोनदा! अरे बोलवायचं नव्हतं तर कळवलंस कशाला? आणि वर म्हणे नोंद करा!"

त्यांनी खिशातून दुकानाची वही काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'रविवार, पावणेपाच. शेकोटी. आपण जायचे नाही.'

सगळ्यांनी माना पुढे करून ती ओळ वाचली. मग पहिल्यांदा सुनंदा हसली. मग शेजारच्या वहिनी, मग ते कुडकुडणारे काका, मग बंबावरचे सगळे जवान. मिशीवाले साहेब तर वाळूच्या बादलीवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

हसून झाल्यावर त्यांनी तांबटकाकांची वही मागून घेतली आणि खैरनारसाहेबांपुढे धरली. म्हणाले, "साहेब, तुमचा नियम काय? 'बंबाला कळवावे.' कोणत्या बंबाला ते लिहिलंय का? नाही. खाली सही कुणाची? तुमची. यांनी बंबाला कळवलेलं आहे. वेळेसकट लेखी नोंद आहे. नियम मोडलेला नाही."

खैरनारसाहेबांनी ओला चष्मा पुसला. नियम वाचला. नोंद वाचली. पुन्हा नियम वाचला. लेखी पुराव्यापुढे ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. नुसतं म्हणाले, "नोंद तर आहे." आणि शिंकले.

ती शिंक म्हणजे परवानगी, हे सगळ्यांना कळलं.

पुढचं काय सांगू? तांबटकाकांना खुर्ची दिली, आईनं स्वतः त्यांची समजूत घातली. बंब मोरीत गेला, आडवा धरून, अगदी बरोब्बर. त्यात कोळसे पेटले, आईची साग्रसंगीत अंघोळ झाली. मग तिनं बंबातलेच निखारे चिमट्यानं घमेल्यात काढले, कोरड्या काड्या आणवल्या आणि ओला खड्डा पुसून तिथं शेकोटी पेटवली. एका बंबानं विझवलेली दुसऱ्या बंबानं लावली. जवानांना थांबता येत नव्हतं, तर त्यांच्या खिशांत बायकांनी गरम गरम रताळी कोंबली. खैरनारसाहेबांना शेकोटीच्या सगळ्यात जवळची जागा मिळाली, वाळायला. आई त्यांना निफाडचा पारा सांगत बसली आणि ते सटाण्याचा. मी लांब पेरूच्या झाडाखाली उभा होतो. लाज वाटत होती, पण इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं डायरीतलं ते पान फाडून नवीन लिहिलं. 'बंब, गरम पाण्याचा.' 'बंब, गार पाण्याचा.' खाली मोठ्या अक्षरात, 'फोन मी करीन.'

आणि आठवड्याभरानं पेरूच्या झाडावर नवी पाटी आली. चेअरमनसाहेबांच्या स्वतःच्या हातची. माझे बाराच्या बारा नियम जसेच्या तसे होते. त्याखाली तांबड्या शाईत तेरावा: 'शेकोटीच्या दिवशी सेक्रेटरींनी फोनला हात लावू नये.'

मग कॉलनीत बरंच काही बदललं. दहा पावलं कुणी मोजेना, स्वेटरमध्ये नायलॉन किती ते कुणी विचारेना. माझे बारा नियम हळूहळू सगळे विसरले. पण तेरावा? थंडी पडली, आईनं काड्या रचल्या की काडी ओढण्याआधी ती मान वर करायची आणि अख्ख्या घोळक्यासमोर मोठ्यानं विचारायची, "सुनंदा, मधू कुठं हाय? फोनपासून लांब हाय ना?"

"लांब आहे, आई," मीच पेरूच्या झाडाखालून ओरडायचो. मगच शेकोटी पेटायची.